'इनिशिएट' म्हणजे नुसते 'सुरू करणे' नव्हे

रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्हाला एक चूक पुन्हापुन्हा भेटते. हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्या मिश्रणावर प्रकाश पडला की अभिक्रिया होते, म्हणून प्रकाश हा 'उत्प्रेरक', असे विद्यार्थी लिहून मोकळे होतात. इंग्रजी पुस्तकात तेथे 'इनिशिएट' हे क्रियापद असते. 'सुरू करणे' एवढाच त्याचा अर्थ घेतला की ही गल्लत होते.

लॅटिनमधील 'इनिशियम' म्हणजे आरंभ. त्याच्या मुळाशी 'आत जाणे' ही कल्पना आहे. एखाद्याला दीक्षा देणे यालाही इंग्रजीत 'इनिशिएट' म्हणतात ते त्यामुळेच.

आता आपले मिश्रण पाहू. प्रकाशामुळे क्लोरीनचा एखादा रेणू फुटून दोन अणू सुटे होतात. असा अणू हायड्रोजनच्या रेणूवर आदळला की हायड्रोजन क्लोराइड बनते व हायड्रोजनचा एक अणू मोकळा होतो. तो क्लोरीनच्या दुसऱ्या रेणूला गाठतो, पुन्हा हायड्रोजन क्लोराइड बनते आणि पुन्हा क्लोरीनचा अणू सुटतो. शोषलेल्या एकेका प्रकाशकणामागे लाखो रेणू तयार होतात, असे बोडेनस्टाइन यांना १९१३ च्या सुमारास आढळले. त्यामागची ही अणूंची साखळी नर्न्स्ट यांनी १९१८ मध्ये सुचवली. प्रकाशाचे काम पहिला रेणू फोडण्यापुरतेच. त्यात तो शोषला जातो, परत मिळत नाही. उत्प्रेरक मात्र अभिक्रियेत भाग घेऊन पुन्हा मूळ रूपात बाहेर पडतो.

पॉलिस्टायरीन बनवतानाही हेच दिसते. बेन्झॉइल पेरॉक्साइड तापवले की त्याचे तुकडे होतात, ते स्टायरीनच्या रेणूंना जोडले जातात आणि लांबच लांब साखळीच्या टोकाशी कायमचे अडकून राहतात. तरी या पेरॉक्साइडला 'कॅटलिस्ट' म्हणण्याची सवय कारखान्यांतूनही आढळते!

मग विरजण कोणत्या गटात घालायचे? ते खर्च होत नाही, तेवढेच राहतही नाही. त्यातले जिवाणू दुधात वाढतात, म्हणून आजच्या दह्यातून उद्याचे विरजण निघते. इंग्रजीत त्याला 'स्टार्टर' म्हणतात, आणि ते योग्यच आहे. हा प्रश्न वर्गात जरूर विचारून पाहावा.

जाता जाता व्याकरणाचे. हे क्रियापद सहसा सकर्मक वापरतात. प्रकाश अभिक्रियेला 'इनिशिएट' करतो. अभिक्रिया आपली आपण 'बिगिन' किंवा 'स्टार्ट' होते. मराठीत 'सुरू करणे' आणि 'सुरू होणे' यांत आपण जो फरक पाळतो, तोच येथे पाळायचा.