श्रमाचे सौंदर्य आणि श्रमाचे मोल

यंत्रावर वाकलेला कामगार हा छायाचित्रकारांचा जुना आवडता विषय आहे. पिळदार दंड, वितळत्या लोखंडाचा उजेड, घामाने चमकणारी पाठ ही दृश्ये पाहून खुर्चीत बसून काम करणाऱ्या पांढरपेशाचे मन भारावते. त्यात गैर काही नाही. आपल्या जातिबद्ध समाजाने हातांच्या कामाला शतकानुशतके कमी लेखले. तेथे श्रमाविषयी आदर वाटणे इष्टच होय. प्रश्न एवढाच की, या आदराने श्रमिकाच्या पदरात काय पडते?

या संदर्भात अमेरिकन छायाचित्रकार लुईस हाईन यांचे उदाहरण उद्बोधक आहे. १९०८ पासून ते राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी कापडगिरण्या, काचकारखाने आणि खाणी यांतून हिंडले. मालक आत येऊ देत नसत, तेव्हा विक्रेत्याचे वा तपासनिसाचे सोंग घेऊन ते प्रवेश मिळवीत. स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून मुलांची उंची अजमावीत. वय आणि कामाचे स्वरूप यांची टिपणे करीत. लोकमत घडविण्यात या चित्रांचा मोठा वाटा होता. तरीही १९१६ चा बालमजुरीविरोधी संघीय कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये रद्द ठरविला. टिकाऊ कायदा होण्यास १९३८ साल उजाडावे लागले.

याच हाईन यांनी १९२० मध्ये वाफेच्या पंपावर पाना चालविणाऱ्या कामगाराचे सुप्रसिद्ध छायाचित्र घेतले. चक्राच्या वर्तुळात वाकलेला तो देह विलक्षण देखणा आहे. मात्र त्याला मजुरी किती मिळे, अपघात झाल्यास भरपाई कोण देई, हे त्या चित्रावरून कळत नाही.

छायाचित्राची ही स्वाभाविक मर्यादा आहे. मुंबईच्या गिरण्यांतील साचेखात्याचा कानठळ्या बसविणारा आवाज किंवा फुप्फुसांत साठणारी कापसाची धूळ चित्रात कशी उमटणार? १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, ते वेतन, बोनस आणि बदली कामगारांच्या हक्कांसाठी, कौतुकासाठी नव्हे. आज अनेक गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे आहेत, आणि उरलीसुरली धुराडी तेवढी छायाचित्रांना शोभा देत आहेत.

म्हणून श्रमाचे चित्र अवश्य पाहावे. परंतु त्याच्या शेजारी मजुरीचा आणि तासांचा आकडा मागण्याची सवयही लावून घ्यावी. आकड्यावाचून चित्र भाबडे ठरते आणि चित्रावाचून आकडा निर्दय. श्रमिकाला न्याय द्यावयाचा तर दोन्हींची गरज आहे.