धर्मपीठ आणि व्हायोलिन

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘नेशन ऑफ इस्लाम’ या पंथाचे नेते लुई फराखान यांचे नाव निघाले की प्रखर वक्तृत्व व त्याहून प्रखर वाद आठवतात. परंतु त्यांच्या हाती व्हायोलिन आले ते धर्मग्रंथाच्याही आधी.

त्यांचे मूळ नाव लुई वॉलकॉट. १९३३ साली न्यूयॉर्क येथे जन्मलेला हा मुलगा बोस्टनमध्ये वाढला. वेस्ट इंडीजमधून आलेल्या मातेने त्याला बालपणीच व्हायोलिनची तालीम दिली. तारुण्यात ‘चार्मर’ या नावाने तो कॅलिप्सो गाऊ लागला. चालू घटनांवर चटकदार पद्यातून भाष्य करणारा हा त्रिनिदादचा गीतप्रकार. आपल्या शाहिरांशी त्याचे दूरचे नाते जाणवते.

१९५५ साली तो पंथात आला. गुरू एलिजा मुहंमद यांनी वादक-गायकांना रंगभूमी किंवा पंथ यांपैकी एकाची निवड करण्यास फर्मावले. वॉलकॉटने पंथ निवडला. पंथासाठी त्याने एक गीत व दोन नाटके रचली खरी. पण व्यावसायिक संगीताची वाट तेथेच संपली.

पुढे फराखान यांची ज्यू समाजाविषयीची वक्तव्ये गाजली. १९८४ साली अमेरिकेच्या सिनेटने त्यांचा निषेध केला. आणि याच गृहस्थांनी १९९३ साली, साठीच्या उंबरठ्यावर, वाद्यवृंदासह मेंडेलसनची व्हायोलिन रचना जाहीरपणे वाजविली! मेंडेलसन हे ज्यू कुळात जन्मून बालपणीच बाप्तिस्मा घेतलेले जर्मन संगीतकार. नाझी राजवटीत, १९३६ साली, लाइप्झिगमधील त्यांचा पुतळाही हटविण्यात आला होता. त्यामुळे या निवडीस निराळाच अर्थ होता. शब्दांनी दुरावलेली मने सुरांनी जवळ आणावी, असा हेतू फराखान यांनी सुचविला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाने दोष दाखवूनही त्यांच्या स्वराचा भरदारपणा मान्य केला.

परंतु ज्यू समाजाविरुद्धची वक्तव्ये त्यानंतरही थांबली नाहीत. कला माणसास परक्याच्या अंतःकरणापर्यंत नेऊन सोडते. आत जाण्यासाठी मात्र मुखातील कठोर शब्द बाहेरच ठेवावा लागतो. ते काम व्हायोलिन करू शकत नाही, वादकानेच करावयाचे असते.