बर्फाखालची साखर

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनमध्ये बर्फाची प्रचंड भिंत कोसळली आणि दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील सुनील सूर्यवंशी होते. ती बातमी वाचल्यापासून मी शब्दकोश जवळ घेऊन हिमस्खलनाविषयी वाचू लागलो. ढोकीत बर्फ पडत नाही; पण हा विषय मला उमगला तो आमच्या कारखान्याच्या साखरेमुळे.

स्कीइंग करणाऱ्यांचा जीव घेणारे स्खलन बहुधा वेगळे असते. हिमाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते, वरची हवा मात्र उणे पंधरा-वीस. हिमाचा थर पातळ असला की हा सगळा फरक हात-दोन हात जाडीत सामावतो. मग खालची वाफ वर सरकते आणि वाटेतल्या कणांवर गोठते. कण मोठे, टोकदार, सुटे होतात. इंग्रजीत त्याला ‘शुगर स्नो’च म्हणतात. कोरडी साखर मुठीत कितीही दाबा, तिचा लाडू वळत नाही; तसेच हे हिम. त्यावर नवे, वाऱ्याने घट्ट केलेले हिम बसते. म्हणजे उतारावर साखर पसरून वर फरशी ठेवावी, तसे. माणसाच्या वजनाने साखर खचते, तडा क्षणात दूरवर पळतो आणि अख्खी फरशी सुटते. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे.

अशा प्राणघातक अपघातांत दहांपैकी सुमारे नऊ वेळा स्खलन सुरू होते ते गाडल्या गेलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने. म्हणून याला नुसता निसर्गाचा कोप म्हणणे मला पटत नाही. डोंगर आधी सांगत असतो: शेजारच्या उतारावरचे ताजे स्खलन, पायाखाली ‘धप्प’ असा आवाज, पळणारे तडे, नुकतेच झालेले जोरदार हिम, अचानक वाढलेली ऊब. आधीच्या कुणाच्या खुणा दिसल्या म्हणजे वाट सुरक्षित, असे नसते. थर जिथे पातळ, तिथे पुढचा माणूसही ती साखर खचवू शकतो.

गाडलेला माणूस दहा मिनिटांत निघाला तर बहुतेक वेळा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी. बाहेरची मदत तोवर पोचत नाही. संदेशयंत्र, टोचून शोधायची काठी आणि फावडे प्रत्येकाच्या अंगावर हवे.

माझा भाचा येत्या जानेवारीत गुलमर्गला निघाला आहे. ‘‘मामा, स्वेटर कोणता नेऊ?’’ असे त्याने विचारले. मी म्हणालो, ‘‘स्वेटर कोणताही ने. पण वर जाण्याआधी खणून बघ, खाली साखर आहे का.’’