सुगंध घातला नि साबण आवळला
मे महिन्याच्या उकाड्यात खोबरेल आपोआप पातळ असतं; घरी साबण करणाऱ्याची अडचण तिथूनच सुरू होते. तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी गरम असतानाच सुगंध ओतला, की मिश्रण बघता बघता घट्ट होऊ शकतं. लवंगेचं तेल तर फारच खोडकर: त्यातलं युजेनॉल ही क्रिया आणखी पळवतं. काही सुगंधांनी तांदळाच्या कण्यांसारखे दाणे धरतात. म्हणून काम पहाटे काढा, दोन्ही द्रव ३५ ते ४० अंशांवर येऊ द्या, सुगंध आधी थोड्या तेलात कालवा आणि ब्लेंडर बाजूला ठेवून चमच्यानेच ढवळा. तरी गोळा झालाच, तर फेकू नका. स्टीलच्या पातेल्यात (ॲल्युमिनियम मुळीच नको) उकळत्या पाण्यावर ठेवून मऊ करा, साच्यात दाबून बसवा. हातमोजे आणि चष्मा तेव्हाही हवेतच.