विजेची शेगडी कां रुसते?

चूल मंदावली तर फुंकणी हातीं घ्यावी, धूर झाला तर ओलें लांकूड बाहेर ओढावें, हें शहाणपण घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें. चुलीचा दोष डोळ्यांना दिसतो. विजेच्या शेगडीचा दिसत नाहीं. म्हणून ती तापली नाहीं कीं सर्व बोल तिलाच लागतो. वस्तुतः पुष्कळदां शेगडी निर्दोष असते आणि दोष तिच्या बाहेर असतो. यासाठीं शोध बाहेरून आंत, या क्रमानेंच करावा: प्रथम वीज, मग खटका व प्लग, आणि शेवटीं शेगडी.

पहिला प्रश्न विजेच्या दाबाचा. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील उमरगा येथील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. सायंकाळीं चोहोंकडे दिवे, पंखे व पाण्याच्या मोटारी एकदम चालूं झाल्या, आणि घर रोहित्रापासून दूर असलें, तर तेथें दाब उतरतो. घरगुती विजेचा ठरलेला दाब 230 व्होल्ट. तो 200 वर आला तर सुमारें आठवा हिस्साच कमी झाला, असें वाटेल. परंतु तारेच्या शेगडींतील उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलते. त्यामुळें 2000 वॅटची शेगडी त्या वेळीं सुमारें 1500 वॅटचेंच काम करते, आणि दाब 180 पर्यंत घसरल्यास जेमतेम 1225 वॅटचें. एवढ्या आंचेवर भात उशिरा कां होईना शिजतो. ज्वारीची भाकरी मात्र फुगण्याऐवजीं तव्यावर वाळून कडक होते. तीच शेगडी इतर वेळीं नीट तापत असेल, तर ती निर्दोष समजावी आणि तक्रार महावितरणकडे करावी.

दुसरें स्थान प्लगचें. 2000 वॅटची शेगडी जवळजवळ 9 अँपिअर प्रवाह ओढते. तिला 6 अँपिअरचें लहान सॉकेट पुरत नाहीं. 16 अँपिअरचेंच हवें. पकड सैल झाली कीं त्या सांध्यांतच उष्णता निर्माण होते, प्लग काळवंडतो व जळका वास येतो. अशा वेळीं प्लग व सॉकेट दोन्ही बदलून घ्यावींत. एमसीबी वारंवार पडत असेल, तर त्याच वाहिनीवर गीझर किंवा इस्त्री चालूं नाहीं ना, हें आधीं पाहावें. एकटी शेगडी लावतांच ती पडत असेल, तर दोष आंत आहे. फ्यूजमध्यें जाड तार घालणें म्हणजे घरच्या पहारेकऱ्याला झोपविणें होय.

आतां शेगडीकडे वळावें. तिचें वेटोळें निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचें असतें; अल्बर्ट मार्श यांना या शोधाचें पेटंट 1906 मध्यें मिळालें. तुटलेल्या तारेचीं टोकें पिळून जोडण्याची युक्ति सर्वत्र चालते, पण ती घातक आहे. सांधा अधिक तापतो, आंखूड झालेली तार अधिक प्रवाह ओढते, आणि ती लवकरच पुन्हां तुटते. तितक्याच वॅटचें नवें वेटोळें बसवावें. उघड्या वेटोळ्यांत वीज खेळत असते. उतूं गेलेलें दूध किंवा खारट आमटी तिला भांड्यापर्यंत आणूं शकते. म्हणून भांडें ठेवतांना व उतरवितांना खटका बंद असावा.

इंडक्शन शेगडीची परीक्षा सोपी आहे. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला नाहीं, तर तें त्या शेगडीवर तापणार नाहीं. तांब्याचीं व साध्या ॲल्युमिनियमचीं भांडीं तेथें निरुपयोगी. मध्येंच ती बंद पडली, तर खालचा पंखा व हवेचीं भोकें कचऱ्यानें बुजलीं नाहींत ना, हें पाहावें. कांचेला तडा गेला असेल, तर ती मुळींच वापरूं नये.

भट्टींत केक एका बाजूनें करपला, तर ट्रे मधोमध ठेवून सभोंवार हवेला जागा सोडावी, आणि पदार्थ घालण्यापूर्वी भट्टी तापूं द्यावी. तिच्या नळ्यांतील तारेभोंवतीं मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी असते. पावसाळ्यांत भट्टी पडून राहिल्यास ती दमट होते आणि वीज थोडी थोडी कवचाकडे झिरपते. मग 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी पडते. तो उपद्रव नसून इशारा आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शेगडीला हात लागतांच मुंग्या आल्या, तर वर सांगितलेलें कांहींही करीत बसूं नये; मुख्य खटका बंद करून वायरमनला बोलवावें. उमरग्यासारख्या काळ्या मातीच्या प्रदेशांत उन्हाळ्यांत जमीन भेगाळते, अर्थिंगच्या नळीपासून माती सुटते, आणि झिरपणाऱ्या विजेला जमिनींत जाण्याचा मार्ग बिकट होतो. मग ती माणसाच्या देहांतून वाट काढते. म्हणून चैत्र-वैशाखांत त्या खड्ड्यांत नियमानें पाणी घालावें आणि वर्षांतून एकदां अर्थिंग मोजून घ्यावें. शेगडी बिघडली तर एका वेळचा स्वयंपाक खोळंबतो; अर्थिंग बिघडलें तर घरांतील माणूस दगावूं शकतो.