दळण परक्याचे, घाम हुआरेझचा

राजधानीत बसणाऱ्यांना सीमा म्हणजे नकाशावरची रेघ वाटते. त्या रेघेवरच ज्याचे घर आहे, त्याला ती रोज ओलांडावी लागते. कधी बाजारासाठी, कधी शाळेसाठी, बहुधा पोटासाठी. हे आमच्या वाचकांना निराळे सांगायला नको. म्हणूनच आज आम्ही त्यांना मेक्सिकोच्या सीमेवरील सिउदाद हुआरेझ या शहराची कहाणी सांगणार आहोत.

नदीच्या एका काठाला हुआरेझ, दुसऱ्या काठाला अमेरिकेतील एल पासो. युद्धात मेक्सिको हरला आणि १८४८ च्या तहाने नदी हीच सीमा ठरली. पलीकडच्यांचा देश बदलला, भाषा मात्र बदलली नाही. एल पासोतील असंख्य घरांत आजही स्पॅनिशच बोलली जाते.

१९४२ पासून मेक्सिकोचे मजूर करारावर अमेरिकेच्या शेतांत राबत होते. १९६४ अखेर अमेरिकेने तो करार संपवला. परतलेल्या हातांना काम हवे, म्हणून मेक्सिको सरकारने १९६५ मध्ये सीमाभागासाठी औद्योगिक योजना आणली. सुटे भाग अमेरिकेतून जकातीविना यायचे, हुआरेझमध्ये जोडायचे आणि तयार माल परत पाठवायचा. या कारखान्यांना तिथे ‘माकिलादोरा’ म्हणतात. मूळ शब्द ‘माकिला’, म्हणजे दळून देण्याबद्दल गिरणीवाल्याने ठेवून घ्यायचा वाटा. आपल्याकडची दळणावळच ती! धान्य परक्याचे, पीठही परक्याचे. गावाच्या हाती फक्त दळणावळ.

१९८२ मध्ये पेसो गडगडला. डॉलरच्या हिशेबात मजुरी आणखी स्वस्त झाली आणि कारखाने वाढले. १९९४ च्या मुक्त व्यापार करारानंतर तर रीघच लागली. १९६० साली अडीच लाखांच्या आसपास वस्ती असलेले हे शहर २०२० च्या जनगणनेत पंधरा लाखांवर गेले. दूरदूरच्या खेड्यांतून तरुण मुली कामाला आल्या. कारखाने उभे राहिले, पण पाणी, रस्ते, दिवे यांना कामगारांच्या वस्त्यांपर्यंत पोचायला फार वेळ लागला.

याची किंमत कोणी मोजली? १९९३ पासून मुलींच्या हत्यांचे सत्र सुरू झाले. २००१ मध्ये एका कापसाच्या शेतात आठ जणींचे मृतदेह सापडले. त्यांतील तिघींच्या प्रकरणात, आयांनी चिकाटीने दाद मागितल्यावर, २००९ मध्ये आंतरअमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने मेक्सिको सरकारला जबाबदार धरले. २०१० या एका वर्षात, अमली पदार्थांच्या टोळीयुद्धाच्या काळात, शहरात तीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली.

परंतु हे शहर मुकाट बसणारे नव्हे. देशाची सत्ता १९२९ पासून एकाच पक्षाकडे असताना, १९८३ मध्ये हुआरेझने विरोधी पक्षाचे फ्रान्सिस्को बार्रिओ यांना महापौर केले. १९८६ ची राज्यपालपदाची निवडणूक ते हरल्याचे जाहीर होताच, मतांची चोरी झाली म्हणत लोक रस्त्यावर उतरले, सीमेवरचे पूल अडवले. १९९२ मध्ये बार्रिओ राज्यपाल झाले. पुढे २००० साली त्याच पक्षाने देशाची सत्ताही मिळवली.

आणि दळणावळ? जानेवारी २०१९ मध्ये नव्या केंद्र सरकारने उत्तर सीमाभागातील किमान रोजंदारी ८८ पेसोंवरून १७६ पेसोंवर नेली. पन्नासहून अधिक वर्षे कारखाने येत राहिले. रोजंदारी एका फटक्यात दुप्पट झाली ती मात्र सरकारच्या निर्णयाने.

सीमेवर कारखाना आला म्हणजे भाग्य उजळले, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कारखाना यावा, आमचीही ना नाही. पण दळणाचा दर कोण ठरवणार, हे गावाने पहिल्याच दिवशी विचारावे. हुआरेझने ते फार उशिरा विचारले.