चुलीपाशी बसलेलं हृदय

दिल्लीत छातीचा फोटो वाचायला बसलं की मला आधी चूल आठवते. १९५९ साली डॉ. एस. पद्मावती आणि एस. एन. पाठक यांनी दिल्लीतल्या १२७ रुग्णांवरचा अभ्यास 'सर्क्युलेशन'मध्ये छापला. फुप्फुसं जुनाट आजारानं खराब झाली की त्यांत रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूची दमछाक होते, ती फुगते. याला कॉर पल्मोनेल म्हणतात. बायकांच्या या दुखण्याचा धागा पद्मावतींनी शेणाच्या गोवऱ्यांच्या धुरापर्यंत नेला. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात १९५४ पासून त्यांनी हृदयरोगाचं काम उभं केलं, पुढे ते जी. बी. पंत रुग्णालयात वाढलं. १०३ वर्षांचं आयुष्य जगून २०२० मध्ये त्या कोविडनं गेल्या.

मी रेडिओलॉजी शिकत होतो तेव्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सगळीकडे पोचला नव्हता, फोटोतल्या सावलीवरच बरंच काही ठरायचं. हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त भरली की हृदय मोठं, हा पहिला धडा. डावी कड सरळ झाली आणि उजवीकडे सावलीत दुसरी सावली दिसली, की संधिवाताच्या तापानं अरुंद झालेली मायट्रल झडप मनात यायची. झोपलेल्या रुग्णाचा फोटो समोरून काढला तर हृदय फिल्मपासून लांब राहतं आणि उगाच मोठं दिसतं. पूर्ण श्वास घेतलेला नसला तरी तेच. म्हणून आमचे सर आधी डाव्या-उजव्याची खूण बघायला लावत, मग बरगड्या मोजायला. हृदयाकडे नजर सगळ्यात शेवटी.

धुरानं खराब झालेल्या छातीत मात्र तो निम्म्याचा धडाच फसतो. हवेनं फुगलेली फुप्फुसं छाती-पोटामधल्या पडद्याला खाली दाबतात, हृदय उभं, सडपातळ लोंबतं. उजवी बाजू वाढलेली असूनही माप निम्म्याच्या आतच राहतं. तिथे जुना फोटोच कामाला येतो, आणि 'पुराना फोटो लाओ' हे वाक्य मी आयुष्यभर बोललो.

पलवलकडची एक म्हातारी प्लास्टिकच्या पिशवीतून तीन फोटो घेऊन आली होती. मी ते ओळीनं लावले. हृदयाची रुंदी तिन्हींत जवळपास सारखीच. पण फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीचा फुगवटा दर फोटोत थोडा थोडा वाढलेला. चूल कुठे आहे, मी विचारलं. खोलीतच, ती म्हणाली. आता स्वयंपाक सून करते.

सून मागेच उभी होती, खोकत.